कोऱ्या पानांचा पासपोर्ट

मित्रांनो, मी एक पासपोर्ट आहे. रंग गडद निळा, पानं छत्तीस. मी जुना झालो तो न वापरताच. माझ्या पानांवर एकाही देशाचा शिक्का नाही. तरी थोडं घडलं आहे, ते सांगतो.

जून २०१५ मध्ये मी छापला गेलो आणि टपालाने बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या एका घरी आलो. माझ्यावर नाव होतं प्रेमला रामदास ओव्हाळ. प्रेमलाताई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, त्यांचे पती रामदास एका कारखान्यात फिटर. रामदासांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. श्रीलंकेतल्या अनुराधपूरला जाऊन तिथला बोधिवृक्ष पाहायचा, हे त्यांच्या मनात होतं, पण जमलं नाही. ती इच्छा मुलाकडे आली. रामदासांनी मोठ्या हौसेने दोघांचे पासपोर्ट एकदमच काढले. आल्यागेल्याला ते मला उघडून दाखवत आणि बायकोचा फोटो झकास आला आहे, असं सांगत. प्रेमलाताईंना तो फोटो मुळीच पसंत नव्हता.

त्यानंतर मला फार जपलं गेलं. प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर रुमाल, आणि लोखंडी कपाटाचा आतला कप्पा. त्या वर्षी मुलीचं, कल्याणीचं, लग्न निघालं. पुढे अनिरुद्धच्या, म्हणजे मुलाच्या, वाघोलीतल्या फ्लॅटची गडबड आली. मग करोना आला. तो सरला तसं रामदासांचं मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं आणि त्यातच ते गेले. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मला बाहेर काढत, पुसत, आणि न उघडता परत ठेवत.

साडेनऊ वर्षांनी, एका जानेवारीत, मला थेट पर्समध्ये ठेवलं गेलं. विहारातल्या बावीस जणांचा गट फेब्रुवारीत अनुराधपूरला निघाला होता आणि प्रेमलाताईंनी कुणालाही न विचारता त्यात नाव दिलं होतं. गटाची व्यवस्था वैजनाथ नावाचे निवृत्त तलाठी पाहत होते. व्हिसा ऑनलाइनच मिळतो, प्रत्येकाने आपापला फॉर्म भरायचा, असं त्यांनी सांगितलं होतं. कल्याणीने माझ्या पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि निम्मा फॉर्म भरूनही टाकला.

दुसऱ्या दिवशी विहारात वैजनाथांनी सगळ्यांचे पासपोर्ट तपासले. मला उघडून त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

"ताई, हा जूनमध्ये संपतोय. तिथे उतराल त्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते. तुमचे चारच उरतात."

माझी तारीख पहिल्याच पानावर होती. इतक्या वर्षांत ती कुणी वाचली नव्हती, एवढंच.

घरी अनिरुद्धने समजुतीच्या सुरात सांगितलं की, पंचवीस दिवसांत नवा पासपोर्ट आणि त्यावर व्हिसा, ही धावपळ या वयात कशाला. पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ. त्याचा हेतू चांगला होता. प्रेमलाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पुढच्या वर्षी, हे तुझे बाबा नऊ वर्षं म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मला तातडीची वेळ मिळवून दे. बाकीचं मी बघते."

चौथ्या दिवशी आम्ही मुंढव्याच्या पासपोर्ट कार्यालयात गेलो. रांग मोठी होती. सदतीस वर्षं जंतुनाशकाने हात धुऊन प्रेमलाताईंच्या बोटांच्या रेघा पुसट झाल्या होत्या, म्हणून ठसे तीनदा घ्यावे लागले. पुढच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पाहिला, मृत्यूचा दाखला पाहिला आणि विचारलं, "पतीचं नाव ठेवायचं की काढायचं?"

प्रश्न नेहमीचाच असावा. बाईंचा हात कळफलकावर तयार होता. प्रेमलाताईंनी दाखल्याची घडी घातली.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "जायचं त्यांच्यामुळेच ठरलंय."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी माझा कोपरा कापला आणि माझ्यावर रद्द झाल्याचा शिक्का मारला. माझ्या आयुष्यातला हा पहिला शिक्का.

नवा पासपोर्ट आठवड्याभरात घरी आला. मी टेबलावर त्याच्या शेजारी होतो. पोलीस चौकशीही होऊन गेली. प्रेमलाताईंनी पांढऱ्या साड्या इस्त्री केल्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पाकिटात घातली, शेंगदाण्याची चटणी कोरडी करून भरली. कल्याणी शनिवारी आली आणि आधीचा अर्धवट फॉर्म तिने पूर्ण केला. फोटो बदलला, तारखा बदलल्या, आणि पाठवून दिला. रविवारी मंजुरीचं पत्र आलं. निघायला चार दिवस होते.

कल्याणी पत्राची प्रत काढून घेऊन आली आणि आता काळजी मिटली म्हणाली. प्रेमलाताईंनी चष्मा लावला. इंजेक्शन देण्याआधी बाटलीवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव जुळवून पाहायची त्यांची जुनी सवय. त्यांनी पत्र नव्या पासपोर्टशेजारी धरलं आणि एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग मला उचललं आणि माझा नंबर वाचला.

व्हिसा माझ्या नंबरावर आला होता. बाकी सगळं बदलताना तेवढा नंबर बदलायचा राहिला होता. साडेनऊ वर्षांत मला व्हिसा मिळाला, तो मी रद्द झाल्यावर.

कल्याणी रडवेली झाली. विमानतळावर कदाचित कुणाच्या लक्षात येणारही नाही, असंही ती म्हणून गेली.

"माझ्या लक्षात आलंय," प्रेमलाताई म्हणाल्या. "बस इथे. नवा फॉर्म भर. मी वाचते, तू लिही."

त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं, लिहिलेलं परत वाचून घेतलं. एका पानाला पाऊण तास गेला. सोमवारी उत्तर आलं नाही. त्या दिवशी त्यांनी भरलेली बॅग रिकामी करून पुन्हा भरली. मंगळवारी दुपारी पत्र आलं. नंबर तीन वेळा वाचून झाल्यावरच त्यांनी वैजनाथांना फोन केला.

गुरुवारी त्या गेल्या. मी घरीच राहिलो. मला नेण्याचं कारण नव्हतं. आठ दिवसांनी परतल्या तेव्हा उन्हाने काळवंडल्या होत्या आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. वृक्षाखाली तासभर बसले, आणि यांच्या वाटचंही बसून घेतलं, असं त्यांनी अनिरुद्धला सांगितलं. रात्रीचं जेवण त्यानेच वाढलं.

आता विहारात पुढच्या गटाची तयारी चालू आहे, आणि प्रेमलाताई मला तिथे घेऊन जातात. परवा शेजारच्या राधाने विचारलं, व्हिसाला सुरुवात कुठून करायची? त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

"आधी शेवटची तारीख वाच," त्या म्हणाल्या. "मग तुझा घेऊन ये."

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. जपून ठेवलेलं जे जे असेल, ते पुसून परत ठेवू नका. उघडून वाचा. राधाने माझी तारीख मोठ्याने वाचली, मला मिटलं, आणि स्वतःचा पासपोर्ट आणायला उठून घरी गेली.