भोंगेकाकांचा आवाज

"आई, बघा आता! एकदम नवा कोरा झाला की नाही?"

जावयाने बटण दाबलं आणि कॉम्प्युटरचा पडदा खरोखरच चटकन उजळला. एरवी तो सुरू होईपर्यंत काकू चहा टाकून, उकळून, गाळूनसुद्धा आणायच्या. तो रडतखडत चालतो म्हणून जावयाने सुट्टीचा सगळा दिवस घालवून जुनी सिस्टीम पुसली होती आणि नवी टाकली होती. पोरगा गुणाचा, त्याला काही सांगावं लागत नाही.

काका खुर्ची ओढून बसले. टकटक करत त्यांनी काहीतरी टाइप केलं.

"चहा मिळेल का?" कॉम्प्युटरमधून एक कोवळी पोरगी लाडात बोलली.

हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. काकाही हसले, म्हणजे नुसते खांदे हलले, कारण त्यांच्या हसण्यालाही आता आवाज नव्हता. सगळ्यात आधी हसू थांबलं ते काकूंचं.

"अहो, पण ह्यांचा आवाज कुठाय?"

भोंगेकाका हे नाव त्यांना बसस्थानकाने दिलं होतं. सबंध नोकरी त्यांनी काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारण्यात घालवली. त्यांचा आवाज आला की माणसं पिशव्या उचलायची, पोरांना हाताला धरून फलाटाकडे धावायची. चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आवाज साठवून ठेवा. मग काका माइकसमोर बसून वाक्यांमागून वाक्यं वाचत राहिले. आता ते टाइप करायचे आणि प्रोग्रॅम त्यांच्याच आवाजात बोलायचा. जरा अडखळायचा, पण आवाज ह्यांचाच! काकूंनी तेवढ्यावर पुन्हा संसाराला सुरुवात केली होती.

"आवाज आहे, आई," जावई घाईघाईने म्हणाला. "बाबांच्या सगळ्या फायली मी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवल्यात. फक्त हा प्रोग्रॅम लायसन्स की मागतोय. घेताना एक लांबलचक नंबर मिळाला असेल ना, तो. तो घातल्याशिवाय बाबांचा आवाज लागणार नाही."

"प्रोग्रॅमच्या खोक्यात एक कार्ड होतं बघा, त्यावर होता." काकूंनी काकांकडे पाहिलं. "कुठे ठेवलंत हो?"

काकांनी खाली मान घालून दोन्ही हातांनी हवेतच कागद फाडून दाखवला.

काकूंनी कपाळावर हात मारला. मेली ती स्थानकाची सवय! गाडी पुकारून झाली की तिची चिठ्ठी तिथल्या तिथे फाडायची, म्हणजे गेलेली गाडी चुकून पुन्हा पुकारली जात नाही. नंबर एकदा टाइप केला, काम झालं, आणि काकांनी कार्डाचे तुकडे करून टाकले.

"चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं." जावयाचा चेहरा पार उतरला.

पोटचा मुलगा असता तर काकूंनी चांगला कान उपटला असता. जावयाला काय बोलणार? "असू द्या हो," एवढंच म्हणून त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी आवाज नेला, पण आधी सांगून तरी नेला होता.

पडद्यावर कंपनीचा फोन नंबर दिसत होता. जावयाने तो लावला आणि स्पीकर सुरू केला.

"लायसन्स ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच बोलावं लागेल, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "नियम आहे. त्यांनी फक्त होय म्हटलं तरी चालेल."

जावई समजावून सांगायला लागला, तोच काकूंनी त्याच्या हातातून फोन घेतला. "अगं बाई, त्यांना होय म्हणता आलं असतं, तर तुझी मनधरणी कशाला केली असती?"

काका एव्हाना टाइप करून मोकळे झाले होते. "होय, मीच बोलतोय," ती कोवळी पोरगी म्हणाली.

"हे कोण बोललं?"

"माझा नवरा!" काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवेना. "ऐकलंस ना? माझा माणूस माझ्यासमोर बसलाय आणि भलत्याच पोरीच्या तोंडून बोलतोय. ऑपरेशनच्या आधी घसा दुखत असताना वाचलंय गं त्यांनी सगळं. तो आवाज तुमच्या नंबरापायी अडकलाय. तेवढा सोडवून दे. मला दुसरं काही नको."

"थांबा हं, वरिष्ठांना विचारते," असं म्हणून ती गेली. फोनवर कसलीशी धून वाजत राहिली. तिघांपैकी कुणी कुणाकडे पाहीना.

ती परत आली तेव्हा तिच्या बोलण्यातला नियम गेला होता. "काकू, काकांची सही आहे आमच्याकडे, ऑपरेशनचा कागदही आहे. चालेल म्हणाले. मी एकेक अक्षर सांगते, घ्या."

ती सांगू लागली, काकू मोठ्याने म्हणू लागल्या आणि काका टाइप करू लागले. काकूंची नुसती धांदल. काकांनी तळहात वर केला. थांब. एक अक्षर स्वच्छ म्हण, श्वास घे, मग पुढचं. नव्या माणसांना ते असंच शिकवायचे. त्यांच्या हाताकडे पाहत काकू जन्मात पहिल्यांदा पुकारा करू लागल्या, "के... सात... एम..." शेवटचं अक्षर पडलं आणि नंबर मागणारी चौकट नाहीशी झाली.

"आता फायली टाकतो," जावई पेनड्राइव्ह लावत म्हणाला.

काकूंच्याने तिथे उभं राहवेना. लागला नाही तर? त्या ओट्याशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. मागे टकटक झाली, थांबली.

"जावईबापू, तोंड पाडून बसू नका. जेवून जा."

जाड, भारदस्त, जरासा अडखळता. जावयाने चष्मा काढून डोळे पुसले. पुन्हा टकटक झाली.

"अगं, ऐकलंस का? ताटं घे."

काकूंनी स्वच्छ ऐकलं होतं. तरी त्या वळल्या नाहीत, ओट्याची कड घट्ट धरून गप्प उभ्या राहिल्या.

काकांनी जरा वाट पाहिली आणि पुन्हा बटण दाबलं.

"अगं, ऐकलंस का?"