वाढवलेले दोन सेकंद

सोमवारी आमच्या सगळ्या मशीनवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढली आणि शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने ती वापरून बघावी, असं फर्मान साहेबांनी काढलं. साहेबांनी स्वतः गेल्या दहा वर्षांत एक कटसुद्धा मारलेला नाही, पण फर्मान काढायला काय जातं!

नवं मात्र बरंच होतं. मुलाखतीतलं बोलणं ते आपोआप लिहून काढायचं आणि लिहिलेलं एखादं वाक्य खोडलं की चित्रातूनही उडवायचं. 'खिडकीत बसलेली बाई' असं टाइप केलं की शंभर क्लिपांतून नेमकी ती बाई हजर. दोन कॅमेऱ्यांचे रंग एका क्लिकमध्ये जुळत होते. याच कामापायी मी नोकरीच्या पहिल्या वर्षी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आणि शॉट कमी पडला, तर त्याचं टोक धरून ओढायचं. पुढचे दोन सेकंद मशीन स्वतः तयार करणार. शॉट कमी पडणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं. माणूस बोलायचा थांबला की कॅमेरावाला घाईघाईने कॅमेरा बंद करतो आणि आम्ही इथे केस उपटत बसतो.

गिऱ्हाइकाचं चित्रण प्रयोगाला वापरायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून मी फोनमधला घरचा व्हिडिओ घेतला. आईचा.

तो दादाच्या सांगण्यावरून काढलेला. दादा माझा मोठा भाऊ, दूरच्या शहरात राहतो. आई आणि मी इथे. दोन वर्षांपासून आई विसरते. गॅस विसरते, दाराची कडी विसरते, आपण जेवलो की नाही तेही विसरते. तिला कायमचं दादाकडे न्यायचं का, हा प्रश्न वर्षभर लोंबकळत होता. फोनवर ती "हो हो, बघू" म्हणायची आणि ठेवून द्यायची. "तू समोर बसवून नीट विचार आणि मला पाठव," दादा म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकायला याला बरं जमतं! तरी रविवारी मी तिला खुर्चीत बसवलं, फोन उभा केला आणि विचारलं, "आई, दादाकडे राहायला जाशील? कायमची?" ती माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलणार, तेवढ्यात दूध उतू गेलं. मी रेकॉर्डिंग बंद करून धावले. परत आले, तर ती प्रश्न विसरली होती. मी पुन्हा विचारला नाही.

त्या क्लिपचं टोक मी बुधवारी ओढलं. मशीनने जरा वेळ घेतला आणि दोन सेकंद वाढले. कपाळावरची पांढरी बट, चष्म्यावर पडलेला खिडकीचा उजेड, सगळं जिथल्या तिथे. आणि त्या दोन सेकंदांत आईने सावकाश होकाराची मान डोलावली.

शेजारच्या टेबलावरचा साउंडवाला खुर्ची सरकवत आला. "घे, झालं की काम. आई तयार आहेत."

"ही आई नाहीये रे. मशीनचं काम आहे."

"असेना. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळलं नसतं. मी ती क्लिप दादाला पाठवली आणि खाली लिहिलं, "बघ." नव्या सॉफ्टवेअरची गंमत बघ, असं पूर्ण लिहिणार होते. ते राहिलं. तेवढ्यात चहा आला, असं मी स्वतःला सांगितलं. चहा खरं तर दहा मिनिटांनी आला होता.

गुरुवारी सकाळी दादाचा फोन. "छोटी, चार वेळा बघितलं गं. तुझी वहिनी तर रडली. बारा तारखेचं तिकीट काढलंय, मीच येतो न्यायला. बाथरूममध्ये आधाराला दांडा बसवायला माणूसही बोलावलाय."

पी हळद नि हो गोरी! "दादा, ऐक ना..."

"तू आता काही बोलू नकोस. एकटीने किती केलंस तू."

त्याने रागावून विचारलं असतं, तर मी सांगून टाकलं असतं. दोन वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी माझं काही खरं नव्हतं. एका जाहिरातीत तोच शॉट दोनदा लावला. जिना तीनदा उतरले आणि तीनदा चढले. दादाला निरोप लिहिला, खोडला, परत लिहिला, परत खोडला. मूळ क्लिप पुन्हा पुन्हा उघडून शेवटची फ्रेम ताणून बघत होते. कुठे मान जराशी तरी झुकली असेल, डोळ्यांत हो दिसत असेल, तर मशीनने आईच्या मनातलंच ओळखलं असं म्हणता आलं असतं. मान ताठ होती. साहेबांनी मागून येऊन विचारलं, "काय, कसं वाटतंय नवं?" मी दचकून म्हणाले, "मी काही केलं नाही!" चोराच्या मनात चांदणं. साउंडवाला तासभर हसत होता.

शनिवारी दुपारी घरी आले, तर आई पलंगावर बॅग उघडून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी यायला तयार झाले म्हणे. कधी झाले गं? व्हिडिओत आहे म्हणतो. दाखव बघू."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी व्हिडिओ दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा बघितला.

"आहे खरं," ती हळूच म्हणाली. "मग म्हटलं असेन. माझ्या डोक्याचा आता काय भरवसा? व्हिडिओ थोडाच खोटं बोलणार!" तिने स्वेटर उचलला. "हो म्हटलंय, तर जायला हवं. शब्द फिरवायचा नाही."

स्वेटरची घडी काही केल्या नीट बसत नव्हती. मला स्वतःची किळस आली.

"आई, ती मान तू हलवलेली नाहीस. शेवटचं सगळं कॉम्प्युटरने बनवलंय. मी बनवायला लावलं."

"बनवलं म्हणजे?"

"खोटं आहे ते. तू काहीच बोलली नव्हतीस. मी दूध बघायला उठले."

तिने स्वेटर खाली ठेवला. सकाळचं जेवण न आठवणाऱ्या या बाईने नेमकं तेच विचारलं, जे मी तीन दिवस स्वतःला विचारू दिलं नव्हतं.

"मग दादाला का पाठवलंस? मी जावं असं वाटतं तुला?"

"हो," मी म्हणाले, आणि रडूच कोसळलं. "कधी कधी वाटतं. दमले गं मी."

आई बॅगेकडे वळली. बॅगेतला एकेक कपडा काढून तिने पलंगावर ठेवला. बॅग रिकामी झाल्यावर म्हणाली, "लाव त्याला फोन. सांग, आई यायला नाही म्हणतेय."

मी डोळे पुसून दादाचा नंबर लावला. रिंग जायला लागली, तशी तिने माझं मनगट धरलं.

"आणि तू दमलीस, तेही सांग. ते आधी सांग."