जोडलेलं हसू

कादरने आपला तुटका हात कॅमेऱ्यापुढे धरला, तो निव्वळ युसुफच्या शब्दाखातर. एरवी तो हात त्याने बायकोच्या माहेरच्यांनाही धड दाखवला नव्हता. कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करायला डावा हात पुढे यायचा आणि उजवा पँटच्या खिशात राहायचा. त्या उजव्या हाताची तीन बोटं मागच्या साली, म्हणजे त्र्याहत्तर साली, पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली होती. तेव्हापासून कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलं होतं. हातमोजे आणि साबणाच्या वड्या वाटायच्या, एवढंच काम. अठरा वर्षं लोखंड दाबलेल्या माणसाला साबण वाटायला बसवलं की त्याचं काय होतं, ते त्याच्या घरच्यांनाच विचारावं.

युसुफ त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. कंपनीत त्याला चिकटवला तोही कादरनेच. त्याआधी हा गडी जत्रांमधून तंबूचा सिनेमा घेऊन फिरणाऱ्या एका मालकाकडे मशीन चालवायचा, आणि सिनेमाचं खूळ त्याच्या डोक्यातून नोकरी लागल्यावरही गेलं नव्हतं. तंबूतली फिल्म जुनीपुराणी असायची, दर खेळाला दोनदा तुटायची. मग ब्लेडने खराब तुकडा कापायचा, टोकं खरवडायची, उग्र वासाचं सोल्यूशन लावून चिकटवायची आणि तंबूत शिट्ट्या सुरू व्हायच्या आत चालू करायची. एकदा घाईत त्याने भलताच तुकडा भलत्याच ठिकाणी जोडला. पोराची तिरडी उठतेय आणि लगेच पुढे नायकाचा सख्खा भाऊ खदाखदा हसतोय! तो भाऊ बिचारा लग्नाच्या प्रसंगात हसत होता. पण तंबूतल्या पब्लिकने त्याला असा काही शिव्यांचा रतीब घातला की दोन चपला पडद्यावर आल्या, आणि पुढचा अख्खा सिनेमा तो भाऊ कितीही गुणी वागला तरी लोकांनी त्याला माफ केलं नाही. युसुफ हा किस्सा कॅन्टीनमध्ये रंगवून सांगायचा. सगळ्यात जास्त हसायचा कादर.

आता त्या अपघाताचं सांगायला हवं. त्या प्रेसला दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. म्हणजे ठोकळा खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर राहणार, अशी ती सोय. पण दोन्ही हात बटणावर अडकले की माल कमी निघतो. फोरमन उद्धवरावांना माल जास्त हवा होता. त्या सकाळी त्यांनी स्वतः उजवं बटण तारेने आवळून कायमचं दाबून ठेवलं. आता डाव्या हाताने बटण दाबायचं आणि मोकळ्या उजव्याने पत्रा सरकवायचा. पहिल्या शिफ्टला त्या प्रेसवर युसुफ होता. दुसऱ्या शिफ्टला नेहमीचा माणूस आला नाही म्हणून शेजारच्या मशीनवरच्या कादरला तिथे उभं केलं. त्याला तारेचा पत्ता नव्हता. डावा तळवा सवयीने बटणावर टेकलेला, उजवा हात आत, वाकडा पत्रा सरळ करायला. दोन बटणांशिवाय ठोकळा येत नाही, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. ठोकळा आला.

चौकशी झाली तोवर तार गायब होती. उद्धवरावांनी कानावर हात ठेवले. युसुफने दवाखान्यात कादरच्या उशाशी बसून सांगितलं, "कादरभाई, तार उद्धवरावांनी बांधली. ह्या डोळ्यांनी पाहिलं मी." चौकशीत मात्र त्याची दातखीळ बसली. घरी म्हातारी आई, नवी नोकरी. कादरने तेही समजून घेतलं. तार कोणी बांधली याबद्दल त्याच्यापाशी दुसरा पुरावा नव्हता, फक्त युसुफचा शब्द होता, आणि तो त्याला पुरत होता.

आणि मग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नानासाहेब आले. पुण्याचे, पन्नाशीचे, खादीचा झब्बा, बोलणं लोण्यासारखं. कंपनीने त्यांना कामगारांच्या सुरक्षिततेवर वीस मिनिटांची फिल्म करायला सांगितलं होतं. युसुफला तंबूच्या सिनेमाची माहिती आहे कळल्यावर त्यांनी त्याला जवळ ओढलं. कॅमेऱ्यातून पाहू दिलं. चेहरा जवळून कधी घ्यायचा, दिवा खालून लावला की माणूस कसा कपटी दिसतो, शांतता किती वेळ धरली की पब्लिक खुर्चीत चुळबुळ करतं, सगळं समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत युसुफशी कुणी एवढं बोललं नव्हतं. तो पार विरघळला. त्याने प्रेसची सगळी हकिकत त्यांना सांगून टाकली.

"हे फिल्ममध्ये यायलाच हवं," नानासाहेब म्हणाले. "पण नुसतं सांगून उपयोग नाही, युसुफमियाँ. प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. तार कशी बांधली होती, ती बांधून दाखवा."

युसुफने बांधून दाखवली. मग कॅमेऱ्यात बघत बोलला, "लोक म्हणत्यात, चूक आमचीच. पर तार बांधली कुणी? फोरमनसायबांनी. आमी चालवली, कारण आमाला सांगितलं." बोलताना डोळ्यांवर झगझगीत दिवा होता, म्हणून मध्येच त्याने मान खाली घातली. शेवटी नानासाहेबांनी विचारलं, तंबूतला तो चपलांचा किस्सा काय होता हो? तो सांगताना युसुफ पोट धरून हसला. कॅमेरा चालूच होता.

त्याच संध्याकाळी सायकल हाणत तो थेरगावला कादरच्या घरी गेला. "कादरभाई, चौकशीत जे बोललो न्हाई ते पडद्यावर बोललोय. सगळ्या सायबांसमोर दिसंल. आता फकस्त तुमचा हात पायजे."

कादरने उजवा हात मांडीखाली सरकवला. त्याची बायको झुलेखा म्हणाली, "दाखवा. चोरी केली का आपण?" तेव्हा कुठे तो तयार झाला. दुसऱ्या दिवशी नानासाहेब त्याच्या अंगणात आले. कादरने दोन बोटांत चहाचा पेला धरून दाखवला. झुलेखाने त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली, रोज लावते तशी.

खंडेनवमीला फिल्म दाखवायची ठरली. त्या दिवशी मशिनं बंद असतात. धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. पूजा आटोपल्यावर दुपारी सगळी प्रेस शॉप कॅन्टीनमध्ये जमली. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता. साहेब पुढे खुर्च्यांवर, बाकी लोक बाकांवर, बायकापोरं जाजमावर. युसुफ मुद्दाम कादरच्या शेजारी बसला. छाती अशी फुगलेली की जणू फिल्म यानेच काढली.

पहिली दहा मिनिटं हेल्मेट, चष्मे, हातमोजे. पोरं कंटाळली. मग एकदम संगीत थांबलं आणि पडद्यावर दोन हात आले. फक्त हात, पडदाभर. ते हात सावकाश, सफाईने बटणाला तार गुंडाळत होते. तारेची करकर कॅन्टीनभर ऐकू येत होती. मग कॅमेरा वर सरकला आणि दिसला युसुफचा चेहरा. लगेच पुढे तोच चेहरा, पोट धरून हसणारा.

ठोकळा धाडकन खाली आला. पडदा काळा. काहीच आवाज नाही. युसुफने मनात मोजलं, पाच, सहा, सात. एवढी लांब शांतता कशासाठी ठेवतात ते नानासाहेबांनीच त्याला शिकवलं होतं. मग दोन बोटांत धरलेला चहाचा पेला. खाली कुठेतरी सारंगी. झुलेखाचे हात, शर्टाचं एकेक बटण. जाजमावरची एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. आणि शेवटी पुन्हा युसुफ. "चूक आमचीच," असं म्हणून त्याने मान खाली घातली. वरून जाड आवाजाचा कुणीतरी बोलला, "एका क्षणाची मस्ती, जन्माची शिक्षा."

प्रत्येक सांधा कुठे आहे ते युसुफला दिसत होतं, ब्लेड कुठे फिरलं तेही कळत होतं. पण शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला काय दिसलं, हेही त्याला तेवढंच कळत होतं. तंबूतल्या सिनेमातला तो हसणारा भाऊ आता तो स्वतः होता.

दिवे लागले. कादर उठला होता. युसुफने त्याची बाही धरली. "कादरभाई, ह्ये जोडलंय. माझं पुढचं बोलणं कापलंय."

कादरने बाही सोडवून घेतली. "हात तुजेच हुते ना?" एवढंच बोलून तो झुलेखाला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून प्रेस शॉपमध्ये कुणी युसुफला चार शब्द वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. रोज ज्याच्या डब्यातली भाजी खायची तो खंडू दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. युसुफने त्याला गाठून सगळं समजावलं. कुठला तुकडा कुठून आला, हसू कशाचं होतं, मान खाली का गेली. खंडूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल बाबा. पर आमी बघितलं नव्हं." वर उद्धवरावांनी येऊन सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली, "झकास दिसतोस की रे पडद्यावर!" त्या थापेने तर होतं नव्हतं तेही गेलं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. युसुफ पुण्याला गेला. नानासाहेबांच्या खोलीत तारेवर फिल्मचे तुकडे चिमट्यांनी टांगलेले, खाली कापडी पिशवी. त्यांनी त्याचं हसून स्वागत केलं, चहा मागवला. युसुफला वाटलं होतं हा माणूस ओशाळेल. कसलं काय!

"साहेब, तुम्ही मला खोटं पाडलंत."

"एकही चित्र खोटं नाही, युसुफमियाँ. हात तुमचे, हसणं तुमचं, शब्द तुमचे." ते अगदी समजुतीने बोलत होते. "फोरमनचं नाव कंपनी ठेवू देणार होती का? आणि गोष्टीला एक चेहरा लागतो. लोकांना कुणावर तरी रागावता आलं पाहिजे, तरच ते उद्या हात सांभाळतील. तुमचा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो. बाई रडली म्हणे. त्यापेक्षा जास्त काय हवं?"

ज्याला आपण गुरू मानलं, त्याने आपल्याला मालासारखं वापरलं, हे युसुफला तिथे उभ्या उभ्या कळलं. रागाने त्याची कानशिलं तापली. पण भांडून काय मिळणार होतं? त्याने एवढंच मागितलं, "कापलेला तुकडा द्या. फोरमनचं नाव घेतो तो."

नानासाहेबांनी पिशवीत हात घालून, उजेडाला धरून, हातभर लांबीचा तुकडा शोधून दिला. उगाच खोटं का बोला, माणूस त्या बाबतीत उदार होता.

"आणि आवाज?"

"आवाज वेगळ्या टेपवर असतो हो. ती आम्ही पुसून पुन्हा वापरतो. फार महाग पडते."

तरी युसुफ तो तुकडा घेऊन तडक थेरगावला गेला. कादर दारात खाटेवर बसला होता. तो ये म्हणाला नाही आणि जाही म्हणाला नाही. युसुफने तुकडा उन्हाला धरला. "ह्यात बघा, कादरभाई. हितं मी उद्धवरावांचं नाव घेतोय."

कादरने डाव्या हातात तुकडा घेतला, डोळ्यांजवळ नेला. नखाएवढी चित्रं एकाखाली एक. प्रत्येकात युसुफ, तोंड उघडलेला, आणि पुढ्यात तार गुंडाळलेलं बटण. कादर वरपासून खालपर्यंत सगळी चित्रं बघत गेला.

"ह्यात कुटं नाव हाय?"

"आवाज न्हाई त्याला. पर अल्लाची शपथ, त्या दिवशी तार उद्धवरावांनीच बांधली."

"मानलं," कादर म्हणाला. युसुफचा जीव भांड्यात पडला. पण कादर पुढे बोलला, "त्या पडद्यामुळं आठ दिस झोप न्हाई. सारखं तेच दिसतंय. मग त्या दिवसाचं मी एकेक करून आठवत बसलो. तू सकाळपासनं त्या मशीनवर हुतास. तार बांधलेली तुला ठावं हुतं."

"व्हय."

"तीन वाजता मशीन माज्या ताब्यात दिलंस."

शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला मशीनचं बरंवाईट तोंडाने सांगायचं, हा प्रेस शॉपचा जुना रिवाज. तो युसुफला शिकवला होता कादरनेच.

"तवा काय म्हणालास मला?"

झुलेखा आतून चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. युसुफला ते वाक्य लख्ख आठवत होतं. घरी जायची घाई होती, अंगावर शर्ट चढवता चढवता तो बोलला होता. त्यानंतर वर्षभरात ते त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

"मशीन ठीक हाय, कादरभाई," युसुफ म्हणाला.

कादरने फिल्मचा तुकडा त्याच्या हातात परत दिला. "मग ह्ये का न्हाई सांगितलंस त्या सिनेमावाल्याला?"