गुंडाळफळ्यावरचा पट

मी गुंडाळफळा बोलतोय, पण जरा हळू. अकोल्यात पौर्णिमाताईंच्या स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीमागे मला लपवलंय. बाहेर फाटक वाजलं की माझ्या दांड्या लटलटतात. मी जन्माचा भित्रा. ज्याचं आयुष्य गुंडाळून राहण्यात गेलं, त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करू नये.

माझा जन्म अमरावतीचा. जाड कापडाला काळा रंग, वर-खाली दोन लाकडी दांड्या, टांगायला सुतळी. कुंदाबाई डी.एड. करत होत्या, तेव्हा सरावपाठासाठी त्यांनी मला विकत घेतलं. पुढे त्यांना बार्शीटाकळीकडे नोकरी लागली. तिथे भिंतीवर ऐसपैस फळा होता, मग मला कोण विचारतो? तीस वर्षं माळ्यावर झुरळांशी संसार केला. बाई निवृत्त होऊन अकोल्यात राहायला आल्या आणि एक दिवस मला खाली काढलं, ते स्वरालीमुळे.

स्वराली ही शेजारच्या पौर्णिमाताईंची मुलगी, वय वर्षं आठ. आधीच्या शाळेत उत्तर चुकलं म्हणून तिला वर्गापुढे उभं केलं, सगळे हसले, आणि पोरीची वाचाच बसली. आईशी बोलायची, पण परक्यापुढे ओठ उघडेनात. शाळेचं नाव काढलं की उलटी. शेवटी ताईंनी तिला घरीच ठेवलं. गल्लीतली आणखी चार घरं अशीच गांजलेली निघाली आणि सात मुलांचा वर्ग जमला. फी नाही. ज्याच्या घरी वर्ग, त्याच्या घरचा नाश्ता, आणि ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. वायरमन श्यामभाऊ बल्ब पेटवून दाखवायचे, ताई शिलाईच्या टेपवर अपूर्णांक शिकवायच्या. मी कुंदाबाईंच्या काखेत बसून रोज नव्या घरी जायचो.

स्वराली त्या वर्गात पहिल्यांदा बोलली ती माझ्याशी. सगळ्यांकडे पाठ केली, नाक माझ्या कापडाला टेकेल इतकी जवळ आली आणि धडा वाचला. तेव्हापासून ती मलाच वाचून दाखवते. ही पोर परत त्या शाळेत गेली तर आवाज पुन्हा जाईल, याची मला फार भीती वाटते.

आणि संकट तर माझ्याच अंगावर लिहिलेलं असायचं. कुंदाबाई आल्या की आधी उजव्या कोपऱ्यात खडू टेकवायच्या: पट ७, हजर ७.

"काकू, पट कावून लिहिता?" ताई म्हणायच्या. "कोनी पाहिलं तर म्हनन, बिनापरवानगीची शाळा काढली."

"तीस वर्षाची सवय होय वं माय. पट लिहिल्याबिगर हात पुढं सरकतच नाही."

मंगळवारी वर्ग ताईंकडे होता. फाटकातून आवाज आला, "सर्व्हेसाठी आली. शाळेत न जानारी लेकरं आहेत काय घरात?" मुलं मागच्या अंगणात पळाली. स्वरालीचे पाय मात्र जागचे हलेनात. ताईंनी मला न पुसताच गुंडाळलं आणि कोठीमागे कोंबलं.

आल्या त्या दामिनी मॅडम, स्वतः शिक्षिकाच, हातात यादी. "तुमच्या पोरीचं नाव कोनत्याच शाळेत नाही, ताई."

"बीमार होती ते," ताई खोटं बोलल्या. तेवढ्यात माझी दांडी घसरली, आणि मी धाडकन फरशीवर पडून अर्धा उलगडलो. भित्र्याच्या हातून हे असंच व्हायचं!

मॅडमनी कोपरा वाचला. मग वरची दांडी दोन्ही हातांनी धरून मला सगळ्यांसमोर उंच केलं. त्यांचा चेहरा माझ्यामागे गेला. "हे काय होय? शाळाच चालवून राहिले ना तुमी!"

"पट मी लिहिला, मॅडम," कुंदाबाई म्हणाल्या. "चूक माही आहे. लेकराले त्रास नका देऊ."

"आन् हे पोरगी काहून बोलत नाही? काय नाव वं तुह्यं?"

स्वरालीला समोर मॅडम दिसतच नव्हत्या, दिसत होतो तो मी. ती एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक. नाक माझ्या कापडाला टेकलं.

"स्वराली," ती मला म्हणाली. "मी हजर आहे. मले त्या शाळेत नका पाठवू."

मॅडमनी मला बराच वेळ खाली घेतलं नाही. मग हळूच गुंडाळत म्हणाल्या, "नाव तर लिहाच लागन मले. कशी बोलली, तेही लिहीन. पुढचं शिक्षण खात्याचे साहेब येऊन ठरवतीन."

साहेब अजून आले नाहीत. कधी येतील, ठाऊक नाही. कुंदाबाईंनी पट पुसून टाकलाय. रोज वर्गापुरतं मला बाहेर काढतात, तेव्हा त्यांचा हात खडू घेऊन कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत फिरतो.

म्हणून सांगतो, ते साहेब तुम्हीच असाल, तर पोरीला एकदम काही विचारू नका. आधी मला कोठीमागून काढा, दोन्ही हातांनी उंच धरा आणि माझ्यामागे उभे राहा. मी भित्रा आहे, पण तेवढा वेळ हलणार नाही.