सोल्यूशनचा डबा

पंचवीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या माणसाला चिकटवाचिकटवी कुणी शिकवायची? निदान कुशनवाल्याला तरी असंच वाटायचं, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं. लेकीनं काल हेल्मेट हातात देताना दोनदा बजावलं होतं, "बाबा, कुठं सुटलं तर फक्त पांढरा गोंद लावा. दुसरं काही नको." त्यानं मान डोलावली होती. पण पांढरा गोंद? शाळकरी पोरं वहीत चित्रं चिकटवतात तो? छे!

सकाळी सातला त्यानं दुकानाचं शटर वर केलं. लेकीचा रोबोचा पोशाख टेबलावर आडवा पडला होता. अंग त्यानं केलं होतं, फोम कापून, वर राखाडी रेक्झिन ताणून, छातीत गाडीचा जुना लाल दिवा बसवून. डोकं, म्हणजे हेल्मेट, मात्र तिचं. तीन महिने खोलीचं दार लावून तिनं थर्मोकोल कोरला होता, पॉलिश पेपरनं घासला होता आणि त्याला चंदेरी रंगाचे चार हात दिले होते. त्या डोक्याला गळपट्टी जोडायची, एवढंच काम उरलं होतं. जोडता जोडता त्याला दिसलं, डाव्या जबड्याचा सांधा बोटभर उकललाय. म्हटलं, एवढ्यासाठी पोरीला कशाला त्रास? आतून जरा दणकट करून टाकू. ब्रश रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यात बुडवला, सढळ हातानं फिरवला आणि सांधा बोटानं दाबून धरला.

थर्मोकोलशी त्याचा आयुष्यात संबंध आला नव्हता. सोल्यूशन थर्मोकोल खातं, हे त्याला बोट गालातून आरपार गेल्यावर कळलं.

"अरे देवा! अरे, अरे, अरे!" तो एकटाच ओरडला. फडक्यानं पुसायला गेला, तर फडक्याबरोबर अर्धा गाल निघून आला. फोमचा तुकडा लावून भोक बुजवावं म्हणून गडबडीत त्यालाही सोल्यूशनच लावलं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तुकडा टेकताच कानापर्यंतचा भाग खचला. पाच मिनिटांत तीन महिन्यांचं काम गेलं. डाव्या बाजूला मूठ जाईल एवढं वेडंवाकडं भगदाड राहिलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे कुठल्या हौशी खेळाचं सोंग असतं तर तो एवढा हबकला नसता. दोन वर्षं झाली, पोरगी दवाखाना सोडून घराबाहेर पडली नव्हती. कॉलेज सुटलं, मैत्रिणी सुटल्या. कुणी आलं की ती आतल्या खोलीत. मग तिला कुठूनसं कळलं, शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये कॉस्प्लेवाल्यांचं संमेलन भरतंय. कार्टूनमधल्या, गोष्टींमधल्या पात्रांचे घरी केलेले पोशाख घालून माणसं येतात म्हणे, आणि आत कोण आहे ते कुणी विचारत नाही. "मी रोबो होऊन जाईन," ती जेवताना म्हणाली होती. आईच्या हातातला घास हातातच राहिला होता. ते संमेलन आज होतं. अकरा वाजता फाटक बंद. आणि हेल्मेट नसेल, तर ही पोरगी परत कधी उंबरा ओलांडेल असं त्याला वाटत नव्हतं.

हेल्मेटशिवाय ती का जाणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दोन वर्षांपूर्वी ती ह्याच दुकानात त्याचं जेवण घेऊन आली होती आणि ह्याच टेबलाशी बसली होती. रेक्झिन शेकायचा बर्नर पेटलेला होता, शेजारी सोल्यूशन होतं. तिचा डावा गाल कसा भाजला, असं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "भडका उडाला." नातेवाइकांना तेच सांगितलं. नातेवाईक म्हणाले, नशिबाचे भोग. बायकोनं तो विषयच घरात बंद केला. त्यानंतर त्यानं बर्नर मागच्या खोलीत नेला. बैल गेला नि झोपा केला, तोही अर्धाच. कारण डबा आजही टेबलावर तसाच, झाकणाशिवाय.

आठ वाजता त्यानं नवं हेल्मेट करायला घेतलं. जाड फोम ओढला, खडूनं रेघ मारली आणि थांबला. डोक्याचं माप कुठं होतं? ते तर तिनं स्वतः घेतलं होतं. स्वतःच्या डोक्यावर अंदाज घेऊन कापलं, तर तुकडे जुळेनात. दुसऱ्यांदा कापलं, तेही वाया. घाईघाईत कात्रीनं अंगठ्याला चावा घेतला. नऊ वाजले. शेवटी त्यानं घरी फोन लावला.

"घात झाला गं," तो बायकोला म्हणाला. "डोकं वितळलं. सोल्यूशन लावलं मी."

बायको कुजबुजली, "फोन स्पीकरवर आहे, आणि पोरगी शेजारीच उभी आहे. सगळं ऐकलं तिनं." आणि फोन बंद झाला.

तो स्टुलावर बसून राहिला. आता काय उपयोग होता कापून? वीस मिनिटांनी शटरशी लेकीची सावली पडली. स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला, पायात आईच्या चपला. भरउजेडात चार गल्ल्या चालून आली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती ह्या दुकानात पाऊल टाकत होती.

तिनं हेल्मेट उचललं. भगदाडावरून बोट फिरवलं, गालापासून कानापर्यंत.

"काय सांगितलं होतं मी तुम्हाला?"

"पांढरा गोंद."

"मग?" तिचा आवाज फाटला. "कधीच कुणाचं ऐकायचं नाही का? तुम्हालाच तेवढं सगळं कळतं?"

"चुकलो गं बाई. डबा मी..."

"कुठला?" ती म्हणाली. "आजचा, का तेव्हाचा?"

त्यानं तोंड उघडलं. भडका उडाला, हे दोन वर्षं घोकलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. ते त्याला बोलवेना.

"तेव्हाचा," तो म्हणाला. "मीच उघडा ठेवला होता. बर्नर पेटता होता, तू इथंच बसली होतीस, मला दिसत होतं. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम, झाकण कोण लावतंय. आपोआप नाही गं उडाला भडका. माझ्यामुळं झालं."

आणि एवढा बाप्या माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. ती जवळ आली नाही. रडू नका असंही म्हणाली नाही. तिनं स्कार्फ सोडला, घडी करून टेबलावर ठेवला आणि हेल्मेट डोक्यात घातलं. भगदाडातून तिचा गाल दिसत होता, सगळाच्या सगळा.

तो धडपडत उठला. "थांब, फोम टाचून देतो. दोऱ्यानं टाचतो, सोल्यूशन नाही लावणार. दहा मिनिटं दे मला."

"नको."

"अगं पण दिसतंय!"

"दिसू दे. तसंही आत गुदमरत होतं." आवाज अजून रडवेला होता. तिनं हात पुढं केले. "अंग चढवा. दहा वाजलेत."

त्यानं एकेक भाग चढवला, पाठीमागचे पट्टे आवळले, छातीतला दिवा लावून पाहिला. गाडीची किल्ली घेऊन तो निघाला, तेव्हा ती शटरशी उभी होती, रस्त्याकडं तोंड करून.

"बाबा," ती मागं न बघता म्हणाली, "झाकण."

तो परत फिरला. कोपऱ्यात धूळ खात पडलेलं झाकण शोधून त्यानं डब्यावर ठेवलं आणि हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून घट्ट बसवलं.