डेस्कटॉपवरची हळद

काल सकाळी ट्रक ड्रायव्हरांनी गेटपास देणाऱ्या रघूभाऊचं डोकं फोडलं. गेटपास वेळेत निघाला नाही, बंदरातला नंबर हुकला आणि खिडकीत बसलेला माणूस हाताला लागला, एवढाच त्याचा गुन्हा. आज डोक्याला टाके आणि पांढरी पट्टी घेऊन तो पुन्हा त्याच खिडकीत बसला होता. न बसून सांगतो कोणाला?

उरणजवळच्या त्या कंटेनर यार्डात सकाळी सगळे पीसी एकदम चालू झाले की सर्व्हर मान टाकायचा. लॉगिन केलं की पडद्यावर नुसतं चक्र गरगरायचं आणि बाहेर ट्रकांची रांग शिव्या घालायची. उन्हं वर आली की सगळं सुरळीत. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुरुडच्या झियानने केबली बदलल्या, व्हायरस शोधला, शेवटी हात टेकले. मालक अल्पेशशेठने त्याला बजावलं होतं, "उद्या परत अडकला तर खिडकीन तुलाच बसवीन."

शेठ तसं करणारा माणूस होता. म्हणून झियान आज सगळ्यांच्या आधी येऊन सर्व्हरसमोर बसला. हिशेबाच्या टेबलावरच्या शिवानीने लॉगिन केलं, आणि तिच्यासाठी सर्व्हरवरून काय काय उतरतंय ते त्याने एकदाचं नीट पाहिलं. हळद! शेठच्या मुलीच्या, अमिषाच्या हळदीचा व्हिडिओ, ड्रोनने काढलेला, अख्ख्या रात्रीचा. शेठने तो हौसेने प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर टाकायला लावला होता आणि काढायची कोणाची छाती नव्हती. सगळ्यांचे डेस्कटॉप सर्व्हरवर ठेवलेले. पीसी बंद केला की त्यावरून पुसले जायचे, सकाळी पुन्हा उतरायचे. म्हणजे रोज सकाळी अख्ख्या ऑफिसात एकदम अमिषाची हळद डाउनलोड होत होती, आणि तिच्यापायी रघूभाऊचं रक्त सांडलं होतं.

झियानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक प्रत बाजूच्या डिस्कवर ठेवली आणि सगळ्यांच्या डेस्कटॉपवरून व्हिडिओ उडवला. शेठच्याही. लॉगिन झटकन व्हायला लागलं. रघूभाऊच्या खिडकीतून पहिला पास गेला, पाठोपाठ दुसरा. बाहेर कोणीतरी खुशीत हॉर्न वाजवला.

तेवढ्यात केबिनमधून शेठ ओरडत आला. "माजे पोरीची हलद कोणी काढली रं?"

"शेठ, तिच्यामुळेच अडकत होतं. कॉपी आहे माझ्याकडे, ही बघा..."

पुढचं तोंडातच राहिलं. थप्पड एवढी सणसणीत बसली की झियान खुर्चीसकट आडवा झाला. ओठ फाटला. तरी शेठचं भागेना. कोपऱ्यात टायर उघडायची लोखंडी टॉमी पडली होती. ती उचलून त्याने सर्व्हरवर घातली. पत्रा चेपला. दुसरा घाव, तिसरा घाव. दिवे विझले. बाजूच्या डिस्कचाही चुरा झाला, हळदीसकट, आणि हे त्या माणसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

खिडकीतला प्रिंटर थांबला. बाहेरचा गलका वाढला, आणि दार लाथेने उघडून ड्रायव्हर आत शिरले. सगळ्यात पुढे कालचाच, रघूभाऊच्या डोक्यात पाना घालणारा.

"आता कोणी बंद पाडलं?"

रघूभाऊने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "शेठनी फोडलान," तो म्हणाला.

टॉमी शेठच्या हातातच होती. त्याने झियानकडे पाहिलं, आणि आजवर कधी नव्हे तो त्याचा आवाज मऊ पडला. "झियान, बाला, सांग ना यांना. आत्ता चालू होईल म्हणून सांग."

झियान ओठावरचं रक्त पुसत उठला. एक थाप मारली असती तर शेठ मागच्या दाराने निसटला असता. झियानला ते कळत होतं. त्याने रघूभाऊचा दंड धरून त्याला उठवलं.

"आज नाही चालू होणार," तो ड्रायव्हरांना म्हणाला, आणि रघूभाऊला घेऊन बाहेर पडला. त्यांच्या मागे कोणीतरी दाराला आतून कडी घातली.