मापटं अडकलं त्या दुपारी

मी एक जुना फिरता दरवाजा आहे. काचेची चार पानं, पितळी दांडे आणि मधोमध एक खांब, एवढाच माझा संसार. अमरावतीतल्या एका मोठ्या पंचतारांकित हॉटेलच्या तोंडाशी मी उभा आहे. उभा आहे म्हणायचं, एवढंच. खरं तर मी सारखा फिरत असतो आणि थांबलो की मला चैन पडत नाही.

मित्रांनो, या जागेवर पूर्वी कापसाचं जिनिंग होतं. आता गाड्या लागतात तिथे सरकीचे ढीग असत. मालक रामरावांनी ते पाडून सहा मजल्यांचं हॉटेल उभारलं. गच्चीवर निळा तलाव केला, संगमरवरी जिना केला, हजार पानं उठतील असं लॉन केलं. खाली भोजनगृहात मडक्यावर मांडे भाजणारी बाई बसवली. आणि मुंबईहून मला आणलं. शहरात असं दार पहिलंच! चांदूर बाजारची माणसं मुलांना घेऊन खास मला बघायला येत. एकदा आत शिरलं की तीन-तीन चकरा मारल्याशिवाय मुलं बाहेर पडत नसत. द्वारपाल देवीदास ओरडायचा, पण गालात हसायचा.

पुढे कौतुक ओसरलं. माझं तेलपाणी राहून गेलं, पितळ काळवंडलं. लोक मोबाइलवर बोलत मला खांद्याने ढकलू लागले. कोणाचंही बोलणं मला पुरतं ऐकू येत नाही. "अगं, डॉक्टर म्हणाले की..." एवढं आत येतं आणि माणूस पुढे निघून जातं. डॉक्टर काय म्हणाले? दिवसभर जीव नुसता टांगणीला!

गेल्या हिवाळ्यात दर्यापूरच्या भगवंतरावांनी मुलाच्या लग्नासाठी आमचा अख्खा चौथा मजला घेतला. लॉनवर लग्न लागलं. नवी सून प्राजक्ता अकोल्याची. वरपक्षाचा जानोसा, म्हणजे उतरण्याची जागा, इथेच असल्यामुळे तिचा पहिला प्रवेशही इथूनच करायचा ठरलं. भगवंतरावांच्या पत्नी कौशल्याबाई तांदळाचं माप घेऊन आल्या आणि गोंधळल्या. मला उंबरठाच नाही! शेवटी त्यांनी माप माझ्याच एका खणात ठेवलं आणि ओवाळायला आत जाऊन उभ्या राहिल्या.

प्राजक्ता, नवरदेव गजेंद्र आणि भगवंतराव असे तिघंही त्या खणात शिरले. सुनेने मापाला पाय लावला. तांदूळ सांडले आणि थेट माझ्या खालच्या खाचेत गेले. मापटं पानाखाली आडवं अडकलं. मी कुरकुरलो आणि गच्च थांबलो. आतल्या बाजूला वीतभर फट उघडी राहिली होती. बोलणं जाईल, माणूस जाणार नाही, एवढीच.

"आता पाहून काय राहिले? ढकला ना!" कौशल्याबाई म्हणाल्या.

देवीदास झाडू घेऊन धावला. तेवढ्यात आतल्या दालनातल्या खांबामागून एक बाई पुढे आली आणि तिने माझ्या पानाची कड धरली.

"थांबा, देवीदासभाऊ. दार अडलंच हाय, तर माहा मान मले घेऊ द्या."

ती चंदा. भगवंतरावांची थोरली लेक. दुसऱ्या समाजातल्या प्रीतमशी लग्न केलं म्हणून वडिलांनी तिला घर बंद केलं होतं. नवं जोडपं दारात आलं की दार अडवायचं आणि हवं ते मागून घ्यायचं, हा बहिणीचा मान. तो आज दुसरीच कोणी चुलत बहीण घेणार होती.

"काहून आली तू?" भगवंतराव काचेआडून गरजले. "माह्या दारात पाय ठेवू नको म्हनलं होतं ना तुले?"

"हे तुमचं दार कुठं हाय, बाबा? हे तं हॉटेलचं हाय."

गजेंद्रला हसू आवरेना. "माग, ताई. काय पायजे ते माग."

"तुले नाई मागत. बाबाले मागते." तिने काचेतून वडिलांकडे पाहिलं. "मले माहेर पायजे."

मला थांबणं सोसत नाही, पण तेव्हा मी हलू नये असं मला मनापासून वाटलं. कौशल्याबाई तबक घेऊन लेकीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. भगवंतरावांनी मला खांदा लावला. एक रेटा दिला असता तर मी फिरलो असतो. पण कडेवर चंदाची बोटं होती. ती त्यांना दिसली आणि त्यांनी खांदा काढून घेतला.

"बोटं काढ. चेंगरतीन."

"पयले सांगा."

भगवंतरावांनी खणातले तांदूळ पायाने बाजूला सारले.

"दिवाळीले ये," ते म्हणाले. "अन् एकटी नको येऊ. जावयाले आन."

चंदाने बोटं काढली आणि तोंडावर पदर घेतला. देवीदासने तांदूळ झाडले, मापटं ओढून काढलं. मी हळूच फिरलो आणि तिघांना आत सोडलं.

तांदळांनी माझी खाच बिघडली ती बिघडलीच. पुढच्या महिन्यात माझ्या जागी सरकतं दार बसणार आहे. माणूस समोर आला की ते आपोआप उघडतं म्हणे. मला भंगारात देण्याआधी एकदा पितळ पुसा, एवढंच मागणं आहे. आणि मित्रांनो, घरची दारं काही आपोआप उघडत नाहीत. ती आतून कोणाला तरी उघडावी लागतात. तुमच्याकडे एखादं माणूस बाहेर राहिलं असेल, तर दिवाळीपर्यंत थांबू नका.